सॅरासोटाची ऑनलाइन स्थापत्यफेरी : निवेदन उत्तम, आराखडे मात्र गैरहजर

फ्लोरिडातील सॅरासोटा या समुद्रकाठच्या गावातील १९५०च्या आसपासची घरे मराठी निवेदनासह थेट प्रक्षेपणातून दाखवणारी ही सशुल्क फेरी आम्ही सोलापुरातील आमच्या कार्यालयात, भिंतीवर पडदा लावून पाहिली. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा (हिवाळ्यात साडेसात) होतात, त्यामुळे साइटची कामे आटोपून निवांत बसता येते.

निवेदिकेने सर्वाधिक वेळ सिएस्टा की बेटावरील ‘कोकून हाउस’ला दिला आणि तो सार्थकी लागला. वास्तुविशारद राल्फ ट्विचेल आणि पॉल रुडॉल्फ यांनी १९५० साली बांधलेल्या या छोट्या पाहुणेघराचे छप्पर पोलादी पट्ट्यांवर झोळीसारखे मध्यभागी झुकलेले आहे, आणि नौदल वापरात नसलेल्या जहाजांच्या रक्षणासाठी जे प्लॅस्टिक फवारत असे, तेच त्यावर फवारले होते. बाजूंना लाकडी झडपा आहेत. त्या उघडल्या की पाण्यावरचा वारा घरातून आरपार जातो. धाब्याच्या घरात उन्हाळे काढलेल्या सोलापूरकराला येथे थांबून विचार करावासा वाटतो, कारण आपल्या कोरड्या हवेत मातीच्या जाड थराने ऊन अडवले की भागते, तर तिथल्या दमट हवेत वारा खेळता ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हते. वातानुकूलन घरोघरी पोहोचल्यावर या झडपांची गरज संपली, आणि घर लहान व जुने एवढेच दिसू लागले.

रुडॉल्फ यांचे १९५८ सालचे रिव्हरव्ह्यू हायस्कूल २००९ मध्ये पाडले गेले, हा भाग जुन्या छायाचित्रांवर उरकला आहे. लिडो शोअर्स या वस्तीतील १९५३ सालच्या ‘अंब्रेला हाउस’वरील लाकडी पट्ट्यांचे छत १९६६ मध्ये वादळात गेले आणि २०१५ मध्ये पुन्हा उभारले गेले, ते मात्र कॅमेऱ्याने खालून, सावलीच्या रेघांसह, फार चांगले दाखवले आहे.

माझी खरी तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे. तिकडे पूरप्रवण क्षेत्रातील इमारतीच्या दुरुस्तीचा वा सुधारणेचा खर्च तिच्या बाजारमूल्याच्या निम्म्यावर गेला, तर ती सध्याच्या पूरनियमांनुसार, म्हणजे बहुधा उंच उचलून, बांधावी लागते. हे मूल्य जमीन वगळून केवळ बांधकामाचे धरतात, त्यामुळे सोन्याच्या भावाच्या जागेवर उभे असलेले बैठे घर एका वादळानंतरच्या मामुली डागडुजीतही ही मर्यादा ओलांडू शकते, आणि मग ते पाडून नवे बांधणेच मालकाला परवडते. अधिकृत ऐतिहासिक नोंद असलेल्या वास्तूंना यातून सवलत मिळू शकते. ज्यांची नोंद नाही, त्यांना हा आधार नाही. घरे नाहीशी होण्यामागील इतके नेमके कारण निवेदिकेने जेमतेम दोन वाक्यांत गुंडाळले आणि तो वेळ सूर्योदयाच्या दृश्यांना दिला, हे व्यावसायिक प्रेक्षकाला खटकते.

आवाज स्वच्छ होता, प्रश्नांना उत्तरेही मिळाली. तथापि एकाही घराचा तलविन्यास (मजल्याचा नकाशा) वा छेद (उभ्या कापाचे रेखाटन) पडद्यावर आला नाही. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी फेरी घ्यायची असल्यास आयोजकांकडून आराखडे आधीच मागवून छापून ठेवावेत. केवळ हौस म्हणून पाहणाऱ्यांना आहे त्या स्वरूपातही तिकिटाचे पैसे वसूल होतील.