हिर्शस्प्रंग: एकाच ऑपरेशनमध्ये, की आधी पोटावर पिशवी?

हिर्शस्प्रंग म्हणजे बाळाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच गँगलियन पेशी, म्हणजे आतडं हलवणाऱ्या मज्जापेशी नसणं; त्यामुळे शी पुढे सरकत नाही. बायोप्सीत, म्हणजे आतड्याचा तुकडा तपासल्यावर, या पेशी दिसल्या नाहीत म्हटल्यावर ऑपरेशन टळत नाही. कोलोस्टोमी करून आधी पोटावर शीची वाट काढायची आणि बाळ सावरल्यावर चांगलं आतडं खाली ओढून जोडायचं, की सगळं एकदाच गुदद्वारातून करायचं, एवढंच ठरवायचं असतं. ही दुसरी पद्धत मेक्सिकोच्या सर्जननी १९९८ मध्ये मांडली. आमच्या घरात दोन्ही झाल्या. भाच्याचं टप्प्याटप्प्याने झालं, माझ्या मुलाचं एकदाच.

भाच्याचं ऑपरेशन छानच झालं होतं. जीव नकोसा केला तो पिशवीने. बहीण पारोळ्याला, पत्र्याचं घर आणि मे महिना. घामाने पिशवीची कड सुटायची, पातळ शी कातडीवर पसरायची. मलम लावलं तर पिशवी चिकटत नाही, नाही लावलं तर कातडी सोलते. बाळाच्या मापाची पिशवी गावात मिळत नव्हती, धुळ्याहून आणावी लागे. "भाऊ, पिसवी टिकसच नही," म्हणून ती फोनवर रडायची. शेवटी सुती लंगोट गुंडाळून त्यांनी तो उन्हाळा काढला.

मुलाच्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तो उन्हाळाच होता. एका टप्प्यातही कष्ट आहेतच. ऑपरेशनपर्यंत आम्ही रोज नळीने आतडं धुतलं, तेही सलाइननेच. साधं पाणी चालत नाही. नंतर दिवसातून कितीतरी वेळा शी, लालभडक ढुंगण, आणि काही महिने डायलेटर, म्हणजे जोडलेली जागा आकसू नये म्हणून गुदद्वारात घालायची गुळगुळीत कांडी. तो घालताना हिचे हात थरथरायचे. तरी आम्हाला ते झेपलं.

पण पोट फार फुगलेलं असेल, धुऊनही उतरत नसेल, आतड्याला संसर्ग झाला असेल किंवा पेशी नसलेला भाग लांबवर गेला असेल, तर पिशवीला नाही म्हणू नका. तिने बाळ वाचतं. दवाखान्यात फ्रोझन सेक्शनची सोय आहे का, तेही आधी विचारा. ऑपरेशन चालू असतानाच तुकडा तपासून पेशी कुठून सुरू होतात ते पाहावं लागतं, आणि एकाच टप्प्यात करायचं तर सगळी भिस्त त्यावर असते.

आणि कुठलंही ऑपरेशन झालं तरी पुढे कधी ताप आला, पोट टम्म झालं, घाण वासाची पातळ शी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. आम्ही एकदा रात्री दोनला निघालो होतो.