तांब्याचे पैसे घेऊन मोटारीत अ‍ॅल्युमिनियम भरलं

18,200 रुपये. विहिरीवरच्या पाच एचपी मोनोब्लॉक पंपाच्या मोटारीपायी महिन्याभरात एवढे गेले. दीड एकर कांदा अकरा दिवस पाण्यावाचून राहिला तो वेगळाच.

मोटार जळाली. तालुक्यातला वाइंडिंगवाला, म्हणजे मोटारीत नवी तार गुंडाळून भरणारा, म्हणाला, "दादा, प्युअर तांबं भरतो, 7,800 होतील." जुनं तांबं साडेतीन किलो निघालं, तेही त्यानेच ठेवून घेतलं. तुम्ही ठेवू देऊ नका. काट्यावर घालून घरी आणा.

तो भरत होता तेव्हा मी तिथंच बसलो होतो. तारेची तयार कॉइल सहज उचलली आणि हाताला हलकी लागली. तिथंच उठून यायला हवं होतं! तांबं घनसेंटिमीटरला 8.96 ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम 2.7, म्हणजे तिपटीहून जास्त फरक. हाताला तो कळला होता. तारेचं कापलेलं टोकही पांढरं दिसलं. विचारलं तर म्हणे, "सोल्डर लागलंय." मी गप्प बसलो. पण इनॅमलच्या लेपामुळे तार वरून तांबूसच दिसते हो! आणि रोपं सुकत असताना चार लोकांत कारागिराला खोटं कसं पाडायचं?

बाविसाव्या दिवशी मोटारीतून धूर. दुसऱ्या गावच्या कारागिराने ब्लेडने तार खरवडली, तर आत पांढरीफटक. म्हणाला, खांबावरच्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात. तिथं वजन कमी लागतं आणि तार जाड घ्यायला अडचण नसते. मोटारीच्या खाचेत जागा मोजकी. तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण 61 टक्के, म्हणून तोच भार ओढताना तार जास्त तापते आणि इनॅमल करपतं. त्याला तांबं भरायचे 9,200 दिले, टेम्पोला 1,200.

भरण्याआधी तार समोर खरवडायला लावा.

पोलीस म्हणाले, "हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा." वजनमापेवाले म्हणाले, काटा बरोबर असेल तर आमचा विषय नाही. मग कोणाचा विषय? आयोगात तीन खेटे घातले, तिन्ही वेळा साहेब बाहेर. पक्कं बिल मागतात, आणि माझ्याकडे वहीच्या पानावरची चिठ्ठी, 'मोटार भरली 7,800'. चिठ्ठीवर 'तांब्याची तार, इतके किलो' लिहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही, एवढंही कोणी सांगितलं नाही. मीच शोधलं.

अर्ज भरलाय. जळकी कॉइल पोत्यात बांधून ठेवलीय. त्या दुकानावर 'शंभर टक्के कॉपर'ची पाटी आजही तशीच आहे.