पुण्यात तापकीर गल्लीत बाबांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) टाकून घेतली, त्याचा अनुभव

दोन महिने वापरून झाले म्हणून आत्ता लिहितेय, लगेच लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

बाबांचा लॅपटॉप २०१३ चा. तिसऱ्या जनरेशनचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बाबा अकरा वर्षं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते, सगळ्या नोटिसा, सभांची इतिवृत्तं, मेंटेनन्सचे हिशोब त्याच लॅपटॉपवर, आणि मराठी सगळं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं. ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारं आजचं मराठी, नाही, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून बाबांची एकच अट होती, आहे तस्सं सगळं राहिलं पाहिजे. आणि लॅपटॉपची अवस्था अशी की बटण दाबून बाबा आंघोळीला जायचे आणि परत आले तरी तो गोल फिरतच असायचा. मी एकदा मोबाइलवर वेळ लावली, बटण दाबल्यापासून वर्डची फाइल उघडेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद.

आधी घराजवळ एका ठिकाणी नेला होता, नाव लिहीत नाही. त्यांनी खोलूनसुद्धा न बघता सांगितलं की फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही, त्यापेक्षा नवीनच घ्या. बाबा काही बोलले नाहीत, पण घरी येईपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

मग ऑफिसमधल्या एकाने तापकीर गल्लीतलं हे दुकान सांगितलं. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग मिळत नाही. आम्ही कोथरूडहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला बदलून मंडईला उतरलो आणि चालत गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. पण काम एक नंबर!

दुकानातल्या काकांनी पहिल्यांदा काय केलं तर डिस्क तपासली. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टल डिस्क इन्फो लावून स्क्रीन आमच्याकडे फिरवली, तिथे पिवळ्या रंगात धोक्याची खूण. मग रीअलोकेटेड सेक्टरची ओळ दाखवून म्हणाले, "ताई, डिस्कवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क स्वतःच राखीव जागा वापरते आणि त्याची नोंद इथे ठेवते. हा आकडा वाढत चाललाय म्हणजे डिस्क आता कधीही बसेल. आधी डेटा काढू, वेगाचं नंतर बघू." आणि बाबांना म्हणाले, "काका, कान लावून बघा." खरंच आतून अधूनमधून बारीक टक् टक् येत होतं. इतके दिवस आम्ही तो पंख्याचा आवाज समजत होतो.

मशीन एवढं स्लो का, तेही त्यांनी नीट समजावून सांगितलं. या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० फेरे फिरते आणि विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली लागतात, प्रत्येकीसाठी ते वाचणारं टोक सरकवायचं आणि तबकडीवरची जागा फिरून येईपर्यंत थांबायचं, म्हणजे दर वेळी दहापंधरा मिलिसेकंद. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, तिथे हेच काम एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. म्हणून खोक्यावरच्या सेकंदाला साडेपाचशेच्या आसपास एमबीच्या आकड्यापेक्षा हा फरक जास्त जाणवतो असं ते म्हणाले आणि ते पटलं, कारण बाबा काही मोठाल्या फाइली कॉपी करत नाहीत, त्यांचं सगळं बारीकबारीकच असतं.

क्रूशियलची बीएक्स ५०० आणि सॅमसंगची ८७० ईव्हो अशा दोन एसएसडी समोर ठेवल्या. पहिलीला ३ वर्षं वॉरंटी, दुसरीला ५ आणि तिच्यात डीरॅम कॅशेपण आहे, म्हणजे कामाला वेग देणारी वेगळी मेमरी. तुमच्या कामाला स्वस्तातली पुरेल असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. बाबांनी तरी पाच वर्षांची घेतली, ५०० जीबी. भाव हल्ली सारखे बदलतायत म्हणून लिहीत नाही, विचारूनच घ्या. डेटा काढणं, क्लोन (म्हणजे जुन्या डिस्कची विंडोजसकट हुबेहूब नक्कल) आणि बसवणं मिळून मजुरी ९०० रुपये. मी डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी, म्हणजे दुसरी डिस्क बसवायची चौकट, टाकून जुनी डिस्कपण आतच ठेवू म्हणत होते तर त्यांनी विकायलाच नकार दिला, मरायला टेकलेली डिस्क आत ठेवून फायदा काय म्हणाले. ४ जीबी जास्तीची रॅम मात्र टाकायला लावली, तीही वापरलेली, स्वस्तात.

बसवताना मी समोरच उभी होते. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड आणि नवी सात, त्यामुळे ती खाचेत हलत होती. तिथल्या मुलाने काळ्या प्लास्टिकची एक चौकट वर चिकटवली, मग दाबून बघितलं, पुन्हा काढली, पुन्हा बसवली. स्क्रू एका स्टीलच्या डबीच्या झाकणात ज्या जागचे त्या क्रमाने मांडलेले, शेवटी एकही उरला नाही.

आता खटकलेलं पण सांगते. उद्या देतो म्हणाले आणि तीन दिवस लागले. क्लोन मध्येच खराब सेक्टरवर अडकला, मग त्यांनी आधी बाबांचं फोल्डर वेगळं उतरवून घेतलं आणि रात्रभर दुसऱ्या पद्धतीने, खराब जागा सोडत सोडत क्लोन केला. कारण बरोबरच होतं पण ते फोन करून कळवायला हवं होतं, मी चार वेळा फोन केला तेव्हा एकदा उचलला. घरी बाबांना दोन रात्री झोप नाही. आणि बिल मागितल्यावरच मिळालं, वॉरंटीसाठी ते लागतंच, तेव्हा आठवणीने मागून घ्या. गणपतीचे दोन व्हिडिओ गेले, ते मात्र त्यांनी लपवलं नाही, फाइलींची नावं कागदावर लिहून दिली होती. श्रीलिपीची एकूण एक फाइल उघडली.

आता वर्डची फाइल उघडेपर्यंत ३५ सेकंद लागतात. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ५०० घेतली मग ४६५ च का दिसतात, ३५ जीबी कुठे गेले? तर कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, जुन्या डिस्कवरही तेवढेच दिसत होते.

एक गोष्ट काकांनी बजावून सांगितली ती इथेही लिहिते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एवढा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, तर एसएसडी टाकून मशीन पळायला लागलं तरी त्याच्यावर बँकेचे व्यवहार करू नका. बाबा आता बँकेचं माझ्या लॅपटॉपवर करतात.

जुनी डिस्क त्यांनी चंदेरी पिशवीत घालून, वर स्केचपेनने तारीख टाकून परत दिली. ती आईने कपाटात ठेवलीय. दुकान रविवारी बंद असतं, आणि जाताना चार्जर बरोबर न्या.