नवी मशीन, जुनं कुंकू

मे महिन्यात नागपुरातल्या कुठल्याही घरात जा, एका खोलीत कूलर चालू असतो आणि अख्खं घर त्याच खोलीत कोंबलेलं असतं. मानेवाड्याला आमच्याकडे ती मागची खोली. इंटरनेटची मशीन मात्र समोरच्या हॉलमध्ये, शोकेसवर. मध्ये दोन भिंती, आणि ऐन दारात पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर. पत्रा आणि पाणी दोन्ही वायफायला अडवतात, हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच कळत होतं की लेक पुण्याच्या ऑफिसचं काम घरून करते, मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटतो आणि ती माझ्यावर चिडते.

कंपनीला फोन केला. तक्रार नंबर मिळाला, माणूस तीन-चार दिवसांनी येईल म्हणाले. तेवढा धीर कोणाला होता! आमच्या जिन्याखाली मीटरच्या पेटीवर एक स्टिकर आहे : इंटरनेट, डिश, सीसीटीव्ही, सर्व कंपन्यांची सर्व्हिस. त्या नंबरवर फोन लावला तो मीच, लेकीच्या माथी मारत नाही. अर्ध्या तासात पोरगा हजर. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी लटकत होतं. भर उन्हातून आलेल्या माणसाला आपण आधी पाणी विचारतो, ओळखपत्र नाही.

काम तसं झटपट केलं त्याने. पांढरी बारीक वायर काढली, नवी जोडली, दाराच्या चौकटीवरून मागच्या खोलीत नेली. मशीन लावली आणि तिच्यावर एक लाल दिवा लुकलुकायला लागला. खाली तीन अक्षरं, एलओएस.

"काकू, मशीन गेली तुमची."

"अरे, आत्तापर्यंत तर चालू होती!"

"उन्हाळा किती तापून राहिला! या सीझनला रोज दोन-तीन तरी जळून राहिल्या. ऑफिसमधून बदलून आणतो."

मशीन पिशवीत घालून गेला. पाऊण तासाने खोका घेऊन आला, माझ्यासमोर उघडला, मशीन लावली आणि हिरवे दिवे लागले. हिशेब सांगितला : शिफ्टिंगचे ५००, तीस मीटर वायर ४० रुपये मीटरने १२००, मशीनचे २५००. एकूण ४२००. मी भाजीवालीशी करते तशी घासाघीस करून ४००० वर आणले आणि खूश झाले. पावती मागितली तर "मेसेज येईल काकू". पैसे गेले ते कोण्या भलत्याच नावाच्या खात्यात, मोबाईलवरून.

कंपनीची तक्रार रद्द करायची मात्र आम्ही विसरलो, आणि तेच बरं झालं. चौथ्या दिवशी त्यांचा माणूस दारात. म्हटलं, आला आहेसच तर बघून जा. त्याने मशीन उलटी केली. मागच्या जाळीच्या फटींत लाल काहीतरी दिसलं. मी हात पुढे केला, बोटाला लागलं ते कुंकू. खंडेनवमीला मी घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावते, मिक्सरपासून लेकीच्या स्कूटीपर्यंत. नव्या कोऱ्या मशीनला मागच्या दसऱ्याचं कुंकू कुठून येणार? त्याने खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर मोबाईलमधल्या आमच्या खात्याशी ताडून पाहिला. तोच. आमचीच मशीन पुसून आम्हालाच २५०० ला विकली होती.

मग तो जे बोलला ते नीट लक्षात ठेवा. वायरमधून वीज नाही, प्रकाश येतो. तो मशीनपर्यंत पोहोचला नाही की लाल दिवा लागतो. दोष बहुतेक वेळा वायरीत असतो : कुठेतरी काटकोनात मुडपलेली, खिळ्याखाली दाबलेली, नाहीतर टोकाचं हिरवं कनेक्टर अर्धवट बसवलेलं. आमच्याकडे त्या पोराने काय केलं असेल, तर कनेक्टर सैल ठेवलं आणि परत आल्यावर टक करून आत ढकललं. मला ती 'टक' आठवतेसुद्धा. कंपनीच्या माणसाने छोट्या मीटरने वायरीतल्या प्रकाशाचा जोर मोजला, उणे १९ आलं. उणे २७ च्याही खाली गेलं तर गडबड, तोवर ठीक.

आणखी एक. खरोखर नवी मशीन बसवली, तर तिचा नंबर कंपनीकडे नोंदवल्याशिवाय नेट चालूच होत नाही. आमची लावताक्षणी चालू झाली, तिथेच सगळं उघड होतं. शिवाय मशीन मुळात आमची नव्हतीच, कंपनीची, अनामत भरून घेतलेली. तो पोरगा मशीन घेऊन परत आलाच नसता तर अनामतही गेली असती.

वायरीचं तर विचारूच नका. तिच्या अंगावर मीटरचे आकडे छापलेले असतात, बारीक, चष्मा लावून वाचावे लागतात. एका टोकाला ४१२, दुसऱ्याला ४२५. म्हणजे १३ मीटर, पैसे ३० चे.

तो माणूस म्हणाला, मशीन हलवायची गरजच नव्हती. ती हॉलमध्येच ठेवून तिच्यापासून मागच्या खोलीपर्यंत साधी लॅन केबल ओढायची आणि तिथे दुसरा राऊटर लावायचा. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. ते ऐकून लेकीने माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही.

त्या पोराला फोन केला. "ऑफिसला विचारून सांगतो काकू" म्हणाला, नंतर उचलेचना. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवायला बसले, तर समोरचा विचारतो, दुकानाचं नाव? पावती? माझ्याकडे फक्त मोबाईल नंबर आणि खात्यावरचं परकं नाव. पैसे आले नाहीत. आता कोणी काही खोलायला बसलं की मी आधी मशीनच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढते आणि वायर लावून झाल्यावर दोन्ही टोकांचे आकडे मोठ्याने वाचते. लेक हसते, हसू दे.

जिन्याखालचं स्टिकर खरवडून काढलं. तो खोका अजून माळ्यावर आहे. परवा खाली काढून पाहिला, त्यावर फोटो छापलाय तो टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचा.