फोर्ड मॉडेल टी, शेतावरचं इंजिन म्हणून: पट्ट्याला पास, नांगराला नापास

अमेरिकी शेतांच्या जुन्या फोटोंत फोर्डची मॉडेल टी ही मोटारगाडी दिसली की आधी मागची चाकं बघावीत. शेतकरी तिचं एक मागचं चाक उचलून त्यावरून पट्टा नेत आणि करवतीसारखी यंत्रं चालवत. एक चाक जमिनीवर, त्याचे बाराही लाकडी आरे मोजता येतील इतके स्वच्छ. दुसरं जॅकवर, आणि त्याच्या आऱ्यांची नुसती धुरकट तबकडी झालेली. असा फोटो खरा, गाडी त्या क्षणी काम करत होती. पट्टा चढवलेला आहे पण दोन्ही चाकांचे आरे स्पष्ट आहेत, तर बहुधा सगळे फोटोसाठी उभे राहिलेत.

गाडी म्हणून टीबद्दल लिहायला फारसं उरलेलं नाही. १९०८ ते १९२७, दीड कोटी गाड्या, २.९ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मिनिटाला १६०० फेऱ्यांना २० अश्वशक्ती. सुरुवातीला ८५० डॉलरची टूरिंग (पाच जणांची उघडी गाडी). १९२५ला रनअबाउट (दोन जणांची) २६० डॉलरला मिळायची. इथे प्रश्न एवढाच की तिला शेतावरचं इंजिन म्हणून किती गुण द्यायचे.

पट्ट्याच्या कामाला भरपूर. एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी जुळणी) त्याला दुप्पट वेग मिळतो. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.६४, म्हणजे इंजिन १००० फेऱ्यांवर असताना मोकळं चाक मिनिटाला साधारण ५५० फेरे घेतं. आऱ्यांना १६ इंची सपाट पुली बोल्ट केली आणि करवतीवर ८ इंची ठेवली, तर पातं ११०० फेऱ्यांवर चालतं. ३० इंची गोल करवतीला हे ठीक. पुलीचा खर्च वाचवायला पट्टा थेट ३० इंची टायरवर टाकला, तर तेच पातं २००० च्या वर जातं. त्या वेगाला पात्यासमोर कुणी उभं राहू नये. म्हणून फोटोत पट्टा टायरवर दिसला, तर यंत्राकडची पुली किती मोठी आहे ते जरूर बघा.

मांडणीत एक गोष्ट हमखास चुकते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, जमिनीवरच्या चाकालासुद्धा. पट्ट्यावर भार आला की ते चाक गाडी पुढे ढकलू बघतं, आणि पट्टा तिला यंत्राकडे ओढतो. त्यामुळे टेकलेल्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून पाचर हवी. अ‍ॅक्सल नुसत्या जॅकच्या भरवशावर न ठेवता खाली लाकडी ठोकळा द्यावा. हातातला दांडा पूर्ण मागे ओढला की क्लच सुटतो आणि मागचे ब्रेक लागतात. पुढे टाकला की थेट टॉप गिअर. म्हणजे काम चालू असताना हाताचा ब्रेक लागलेला नसतोच, गाडी धरून ठेवते ती पाचर. यंत्र उलटं फिरवायचं असेल तर रिव्हर्स पेडल दाबत बसू नका, पट्ट्याला पीळ देऊन तो आडवा घाला.

दोष तीन. एक, गव्हर्नर (इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारी जुळणी) नाही. ओंडका कापून झाला की भार एकदम सुटतो आणि इंजिन बोंबलत सुटतं. थ्रॉटलवर माणूस ठेवा किंवा वेगळा गव्हर्नर बसवा. दोन, पाण्याला पंप नाही (अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर). गरम पाणी आपोआप वर चढतं, पण रेडिएटरची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फिरणं थांबतं आणि इंजिन उकळतं. उभ्या गाडीला समोरून वाराही नसतो, तेव्हा बादली जवळ हवी. तीन, डिफरन्शियलची छोटी दातेरी चाकं फक्त वळणापुरती फिरावीत म्हणून केलेली. इथे ती दिवसभर फिरतात. अधूनमधून डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचाला हात लावून बघावा. हात ठेववत नसेल तर थांबा.

पाणी उपसणं, मका सोलणी, धारेचा दगड, लाकूड कापणी: इथवर टी चोख. मोठं मळणीयंत्र मात्र तिच्या आवाक्याबाहेरचं.

नांगराची गोष्ट वेगळी. स्टॉड मॅक-अ-ट्रॅक्टर, पुलफर्ड असे जोडसंच मिळत. मागची चाकं काढायची, अ‍ॅक्सलच्या टोकांना छोटे पिनियन (दातेरी चाकं) लावायचे, ते मोठ्या लोखंडी चाकांमधल्या दातेरी कड्यात बसवायचे. कल्पना हुशार, कारण नांगरट टॉप गिअरमध्येच करावी लागते: लो गिअरला डावं पेडल सतत दाबून धरावं लागतं आणि गिअरपेटीतला, तेलात चालणारा सुती पट्टा जळतो. पण चाकाला मिनिटाला जेमतेम २० फेरे मिळावेत म्हणून इंजिन तासन्‌तास पूर्ण भारावर ठेवायचं, हे त्याच्या अंगचं नाही. काही संचांबरोबर मोठा रेडिएटर यायचा, त्याने उकळणं कमी होतं. बेअरिंगचं काय? तेल उडवून पोचवायची पद्धत. चढावर नाक वर झालं की पहिल्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडला तेल पुरत नाही. मागच्या अ‍ॅक्सलमधले बॅबिट या मऊ मिश्रधातूचे थ्रस्ट वॉशर (चाकं बाजूला सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजले किंवा फुटले की क्राउन हे मोठं दातेरी चाक पिनियनपासून लांब सरकतं, आणि पायाचा ब्रेक त्याच वाटेने चालत असल्यामुळे तोही जातो. शिवाय ५४० किलोची गाडी, पकड येणार कुठून? १९१७ला आलेला फोर्डसन ट्रॅक्टर १२०० किलोंचा होता.

म्हणून नांगरटीच्या फोटोत मागे तासं (नांगराच्या सऱ्या) किती पडलीत ते मोजा. दोन-तीनच असतील आणि चाकाच्या खुट्यांवर माती नसेल, तर ती जाहिरात समजावी. रेडिएटर पितळी असेल तर गाडी १९१६ किंवा आधीची. फोटो दहा-पंधरा वर्षांनंतरचाही असू शकतो.

पूर्ण गुण एकाच फोटोला. १९३० च्या दशकातल्या कॅनडाच्या गवताळ प्रदेशात पेट्रोल परवडेना, तेव्हा लोकांनी इंजिन उतरवून गाडीला घोडे जुंपले आणि पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्या नावाने तिला ‘बेनेट बग्गी’ म्हटलं. रबरी टायर आणि बेअरिंगमुळे ती लाकडी छकड्यापेक्षा हलकी ओढली जायची, आणि उकळायला आत काही उरलेलंच नसायचं.