मोबदल्याचा पैसा आणि दरमहा चार टक्के

सुरत-नागपूर राष्ट्रीय महामार्गाच्या चौपदरीकरणात एरंडोल परिसरातील आमच्या सामाईक खात्यावरील शेतजमिनीचा बराचसा भाग गेला आणि त्याचा मोबदला अण्णांच्या व काकांच्या बँक खात्यांत जमा झाला. भूसंपादनाच्या अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होतात, त्यांत गट क्रमांक, क्षेत्र आणि खातेदारांची नावे असतात, शिवाय स्थानिक वर्तमानपत्रांतही जाहीर सूचना निघतात. त्यामुळे कोणाच्या घरी पैसा येणार आहे हे हेरायला फारसे कष्ट पडत नाहीत. ज्यांची जमीन सध्या कोणत्याही प्रकल्पात जात आहे, त्यांच्यासाठी, मोबदल्याचा पैसा दरमहा परतावा देणाऱ्या एका ठेव योजनेत घालून आमची फसवणूक कशी झाली ते लिहून ठेवतो.

शेतकऱ्याच्या हाती एकरकमी पैसा आला की तो उधळतो, असा एक समज आहे. आमच्याकडे पहिला विचार जमिनीच्या बदल्यात जमीन घेण्याचाच होता. परंतु ज्या पट्ट्यात मोबदल्याचे वाटप होते, तेथे सगळेच खातेदार एकाच वेळी जमीन शोधू लागतात, विकणारा आज सांगितलेला भाव उद्या वाढवतो, आणि व्यवहार ठरलाच तर सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा किंवा सही न केलेल्या बहिणीचे नाव निघते. या खटाटोपात महिने जातात, रक्कम बचत खात्यात पडून राहते आणि घरातला प्रत्येक जण ती मनातल्या मनात खर्च करत असतो. अण्णांना विहीर खोल करून सगळ्या कापसाला ठिबक करायचे होते, आईला धाब्याचे घर पाडून स्लॅबचे घर हवे होते, थोरल्या भावाला ट्रॅक्टर, तर वहिनींना मुलीच्या शिक्षणासाठी कोणी हात लावणार नाही अशी वेगळी रक्कम. काकांना सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणायचा होता. त्यावर घरचे हसत असत, पण त्या यादीतली निव्वळ हौसेची इच्छा ती एकच होती आणि तिला तुलनेने खर्चही कमी होता.

ती योजना चालवणारा गृहस्थ एका नातेवाइकाच्या ओळखीने आला. पहिल्या भेटीत त्याने योजनेचे नावही काढले नाही. ओट्यावर बसून चहा घेतला आणि घरच्यासारखे अहिराणीत विचारले, "काय करानं शे पैसानं?" मग पिशवीतून व्यापाऱ्यांकडे असते तशी लाल कापडी बांधणीची लांब वही काढून प्रत्येकाच्या नावापुढे ज्याची त्याची इच्छा आणि अंदाजे खर्च लिहून घेतला. आईला तोपर्यंत घरात कोणी काही विचारले नव्हते. तिला त्याने स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूला हवी, इथपर्यंत विचारले. घोड्याची नोंद करताना तो हसला नाही. माझ्या मते आम्ही खरे गुंतलो ते त्या दुपारी, कारण पुढच्या वेळी तो आला तेव्हा घरच्यांच्या दृष्टीने तो पैसे मागायला आलेला नव्हता, आपापल्या कामाचे काय झाले ते सांगायला आलेला होता.

दुसऱ्या भेटीत त्याने संगणकावर छापलेला तक्ता आणला. 20 लाख रुपये ठेवल्यास दरमहा चार टक्के म्हणजे 80,000 रुपये मिळतील, त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता, बांधकामाचा खर्च आणि मुलीची फी भागेल, आणि मुद्दल शाबूत राहील, अशी ती मांडणी होती. दरमहा चार टक्के म्हणजे वर्षाला 48 टक्के. एवढा परतावा कोणता धंदा प्रामाणिकपणे देऊ शकतो, हा प्रश्न त्या तक्त्याच्या नीटनेटकेपणापुढे मागे पडला. पैसे खात्यात राहिले तर 30 टक्के आयकर कापला जाईल, अशी भीतीही त्याने घातली. वास्तविक ग्रामीण भागातील शेतजमिनीच्या सक्तीच्या संपादनाच्या मोबदल्यावर आयकर लागत नाही आणि हे कोणत्याही कर सल्लागाराने पाच मिनिटांत सांगितले असते. या भीतीपोटीच रकमेचा काही भाग बँकेतून काढून रोख दिला गेला. आयकर कायद्याप्रमाणे 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक ठेव, बँकांसारखे अपवाद वगळता, कोणालाही रोखीने स्वीकारता येत नाही, त्यामुळे रोखीची मागणी झाली तेथेच बोलणे थांबवायला हवे असते.

विश्वासासाठी त्याने पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेला करारनामा आणि पुढील तारखांचे धनादेश दिले. नोटरीचा शिक्का सही कोणी केली एवढेच सांगतो. पैसे परत मिळतील याची हमी त्यात नसते. सुरुवातीचे परतावे ठरल्या तारखेला आले. ते आमच्याच किंवा आमच्यामागून आलेल्या ठेवीदारांच्या पैशांतून येत होते, पण त्या परताव्यांकडे बघूनच भाऊबंदांतील आणखी काही घरांनी पैसे ठेवले. नंतर परतावा आठवडाभर लांबला, मग अर्धाच आला, मग बँकेच्या सर्व्हरची अडचण सांगण्यात आली आणि अखेर जळगावच्या त्याच्या कार्यालयाला कुलूप दिसले. पोलिसांकडे गेल्यावर इतर गावांतले लोकही तसलेच तक्ते घेऊन बसलेले दिसले. आकडे वेगळे होते, पण घर, लग्न, ट्रॅक्टर, सोने हे रकाने तेच होते.

अशी वेळ आलेल्यांनी तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा लागतो. तो न वटल्याचे बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. "थोडे थांबा, नवा चेक देतो" असे तो वारंवार म्हणत होता त्यामागे ही मुदत उलटून जाऊ देण्याचाच हेतू होता. पोलिसांत तक्रार देताना केवळ फसवणुकीचे कलम न लावता ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा लावण्याचा आग्रह धरावा, कारण त्याखाली आरोपीची मालमत्ता जप्त करून तिच्या विक्रीतून ठेवीदारांना वाटप करता येते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदाही आहे. एखादी संस्था ठेवी घेण्यास पात्र आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर पैसे देण्याआधी पाहता येते आणि तक्रारही तेथेच नोंदवता येते.

जप्त मालमत्तेवर दावा सांगताना करारनाम्याची मूळ प्रत, पासबुकातील नोंदी आणि न वटलेले धनादेश लागतात. अण्णांची रक्कम बहुतांश धनादेशाने गेल्यामुळे त्यांच्या दाव्याला आधार आहे. काकांच्या पासबुकात रक्कम काढल्याची नोंद आहे, परंतु ती कोणाला दिली याचा कागद नाही, म्हणून रोख देताना ओट्यावर हजर असलेल्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा करण्याचे काम सध्या चालू आहे.