येलचा फुकटातला 'नवा करार' कोर्स : ऑफिसला जाता-येता २६ लेक्चरं ऐकली, त्याचा रिव्ह्यू

आमच्या घरी आईचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल आहे, काळ्या कव्हरचं, कडा लाल. त्यात नवा करार, म्हणजे येशूपासून पुढचा भाग उघडला की पहिलाच मथळा 'मत्तयकृत शुभवर्तमान', म्हणजे मत्तयाने लिहिलेली येशूची कथा. कृत! म्हणजे लिहिलं कोणी हा प्रश्न तिथेच मिटला. लहानपणापासून तसंच वाचत आलो. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मात्र 'काता मत्थायोन' असं असतं, म्हणजे मत्तयानुसार, आणि आतल्या मजकुरात मत्तय कुठेच म्हणत नाही की बाबांनो हे मी लिहितोय, उलट त्याचा उल्लेख येतो तो जकात नाक्यावर बसलेला एक माणूस असा, तिऱ्हाईतासारखा. हे मला कळलं चाळिशीत, वाकडच्या सिग्नलला गाडीत अडकलेलो असताना.

तर रिव्ह्यू. येल युनिव्हर्सिटीचे ओपन कोर्सेस आहेत, त्यातला नव्या कराराच्या इतिहासाचा आणि साहित्याचा हा कोर्स. प्राध्यापक डेल मार्टिन. २००९ च्या स्प्रिंग सेमिस्टरमध्ये खऱ्या वर्गात रेकॉर्ड केलेला, एकूण २६ लेक्चरं, प्रत्येक साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटांचं. व्हिडिओ, ऑडिओ, पूर्ण ट्रान्सक्रिप्ट, सगळं फुकट. लॉगिन नाही, कार्ड नाही. (याआधी एका ॲपवर 'बायबलची रहस्ये' टाइप कोर्सला पैसे भरून बसलो होतो, त्यात रहस्य एकच निघालं की पुढचा भाग बघायला अजून पैसे लागतात.) सर्टिफिकेट मिळत नाही आणि शंका विचारायला कोणी नाही, ते ज्याला हवं असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

मी नगरकडचा मराठी ख्रिस्ती, त्यामुळे पहिले काही दिवस जरा चोरून ऐकल्यासारखंच वाटायचं. आईने विचारलं पण, "काय रे ऐकत असतोस? आपल्या पाळकसाहेबांना चालतंय का हे?" म्हटलं आई, शिकवणारा माणूस स्वतः ख्रिस्ती आहे, टेक्ससचा आहे, बोलतो पण आपल्या उपदेशकांसारखाच खणखणीत. ती म्हणाली, "टेक्ससचं काय घेऊन बसलास, खरं बोलतो का ते सांग."

तेव्हा मी तिला ५ नंबरचं लेक्चर सांगितलं, आणि माझ्या मते अख्खा कोर्स त्या एका लेक्चरसाठी ऐकावा. मार्टिन करतात काय, दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवतात, बस. एकीकडे प्रेषितांची कृत्ये (लूकच्या नावावर असलेलं पुस्तक), अध्याय ९, तिथे पौल, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्माचा मोठा प्रचारक, दिमिष्काहून (दमास्कसहून) निसटून यरुशलेमला जातो, बर्णबा नावाचा सोबती त्याला प्रेषितांकडे, म्हणजे येशूच्या खास शिष्यांकडे घेऊन जातो, मग तो तिथे त्यांच्यात राहून उघड बोलत फिरतो. दुसरीकडे गलतीकरांस पत्र, जे पौलाने स्वतः लिहिलंय यावर आज जवळजवळ कोणाचंच दुमत नाही, आणि त्यात तो म्हणतो की मी लगेच यरुशलेमला गेलोच नाही, अरबस्तानात गेलो, परत दिमिष्कास आलो, तीन वर्षांनी केफाला (म्हणजे पेत्राला) भेटायला गेलो, १५ दिवस राहिलो, याकोबाशिवाय दुसरा प्रेषित पाहिला नाही, आणि वर देवासमक्ष सांगतो की मी खोटं बोलत नाही! यहूदीयातल्या मंडळ्यांना (तिथल्या ख्रिस्ती लोकांना) माझं तोंडसुद्धा माहीत नव्हतं म्हणतो. आता दोन्ही कसं जुळवणार? मी हे दोन्ही अध्याय किती वेळा वाचले असतील, पण कधी एकाच दिवशी वाचले नव्हते ना. आई चष्मा लावून बसली, दोन्हीकडे बोट ठेवून वाचलं, आणि म्हणाली "लूकने ऐकीव लिहिलं असेल." घ्या, म्हणजे २६ पैकी पाचव्या लेक्चरचं सार चहा गाळता गाळता निघालं.

मधली शुभवर्तमानांची लेक्चरं चांगली आहेत, नव्या करारात नसलेलं थोमाचं शुभवर्तमान पण घेतलंय, ते १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेत सापडलेलं, ११४ वचनं, गोष्ट अशी काही नाहीच. ग्रीक-रोमन जगाचं लेक्चर मला जड गेलं, त्यावर जास्त बोलत नाही.

खरी मजा पौलाच्या पत्रांची. नव्या करारात २७ पुस्तकं, त्यात पौलाच्या नावाची पत्रं १३. बहुतेक अभ्यासक ७ बिनवादाची धरतात: रोमकर, करिंथकरांची दोन्ही, गलतीकर, फिलिप्पैकर, थेस्सलनीकाकरांचं पहिलं आणि फिलेमोन. इफिसकर, कलस्सैकर आणि थेस्सलनीकाकरांचं दुसरं यांवर वाद. तीमथ्याची दोन आणि तीताचं एक, यांवर तर बहुतेकांनी फुलीच मारलीय. आणि हे काल-परवाचं खूळ नाही, १८०७ साली श्लायरमाखर नावाच्या जर्मन धर्मपंडितानेच तीमथ्याच्या पहिल्या पत्राबद्दल शंका काढली होती. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात तर कमाल आहे, आमच्या नावाचं म्हणून कुठलं पत्र आलं तर घाबरून जाऊ नका असं त्यातच लिहिलंय, शेवटी 'हा सलाम माझ्या हातचा, हीच माझी खूण' असंही आहे, आणि नेमकं तेच पत्र संशयात!

इथे माझी कोर्सबद्दल एक तक्रार. ही पत्रं पौलाचीच आहेत म्हणणाऱ्या बाजूला मार्टिन मला वाटलं त्यापेक्षा कमी वेळ देतात. म्हणून मी बाहेर जरा शोधाशोध केली. १९२१ मध्ये हॅरिसन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने तीमथ्य-तीत पत्रांतले शब्द मोजले, विशेषनामं सोडून ८४८ शब्द, त्यातले ३०६ पौलाच्या बाकीच्या दहा पत्रांत कुठेच नाहीत. आकडा बघून वाटतं खटला संपला. पण समोरच्यांचं म्हणणंही ऐका, पत्रं एवढीशी, त्यात शब्दांची मोजदाद कितपत भरवशाची, विषय बदलला की शब्द बदलणारच, आणि पौल तर लेखनिक वापरायचा. रोमकरांच्या पत्रात शेवटी 'हे पत्र लिहिणारा मी तर्तिय' म्हणून एकजण स्वतःच सलाम सांगून जातो. शिवाय तो झगा! तीमथ्याला दुसऱ्या पत्रात पौल सांगतो की त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो येताना आण, आणि चर्मपत्रं आण. खोटं पत्र लिहिणारा कशाला झगा आणायला सांगेल? की खरं वाटावं म्हणूनच सांगेल? मी दोन दिवस या झग्यावरच अडकलो होतो, अजूनही पूर्ण सुटलेलो नाही.

१९ आणि २० ही लेक्चरं मात्र जोडीनेच ऐका. १९ मध्ये तीमथ्य-तीतवाला पौल, बाईने मुकाट्याने शिकावं, शिकवू नये. आणि २० मध्ये थेक्ला. ही दुसऱ्या शतकातली गोष्ट, नव्या करारात नाही. खिडकीत बसून पौलाचं बोलणं ऐकणारी मुलगी, ठरलेलं लग्न मोडते, जाळायला नेतात तर पाऊस येतो, श्वापदांपुढे टाकतात तर सिंहीण तिची बाजू घेते, शेवटी सील प्राण्यांच्या हौदात उडी मारून स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा करून घेते, आणि यातला पौल तिला म्हणतो जा, वचन शिकव. एकाच माणसाच्या नावावर दोन टोकं. तर्तुल्यान नावाचे चर्चचे जुने लेखक साधारण इ.स. २०० च्या सुमारास सांगतात की हे लिहिणारा रोमन साम्राज्यातल्या आशिया प्रांतातला (आजच्या तुर्कस्तानातला) एक वडील, म्हणजे मंडळीचा पुढारी होता, पकडला गेला, पौलाच्या प्रेमापोटी लिहिलं असं त्याने कबूल केलं आणि पद गेलं त्याचं. म्हणजे प्रेमाने लिहिलं तरी दुसऱ्याच्या नावावर खपवणं तेव्हाही चालत नव्हतं, त्यामुळे 'त्या काळी अशीच पद्धत होती' हे जे सर्रास ऐकवतात ते मला आता तितकंसं पटत नाही.

इब्री लोकांस पत्राचं लेक्चर (२१) आईसाठी घरी स्पीकरवर लावलं, थांबवून थांबवून मराठीत सांगत होतो. त्या पत्रात लेखकाचं नावच नाही, आणि तिसऱ्या शतकातले ओरिगेन म्हणून गेलेत की कोणी लिहिलं ते देवालाच ठाऊक. आई म्हणाली, "मग देवाला ठाऊक आहे तर झालं की." आणि पाच मिनिटांनी, "त्या थेक्लाचं परत लाव बरं."

चित्र आणि आवाज २००९ च्या मानाने ठीक, वर्गातल्या मुलांचे प्रश्न काही वेळा नीट ऐकू येत नाहीत, तिथे ट्रान्सक्रिप्ट कामाला येतं. इंग्रजी उच्चाराला कान बसायला दोन लेक्चरं जातात. मार्टिन २०२३ मध्ये वारले, तेव्हा जे आहे ते एवढंच. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या झग्यासाठी कापला. सुरुवात ५ पासून करा, मग १७, १९, २०, आवडलं तर मागे १ वर या, आणि शेजारी मराठी बायबल उघडं ठेवा.